वाचकांचे प्रश्न: आशियातल्या खाणींत पैसा घालावा का?

गेल्या अंकात तांब्याच्या भावाबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून खाणींवरचे प्रश्न येतच आहेत, म्हणून या वेळी सगळे तेच घेतेय. बऱ्याच जणांनी आपल्या बचतीचे आकडे मोकळेपणाने लिहिलेत, त्यामुळे नावं छापत नाही. अमुक शेअर घ्या, तमुक विका असं मी इथे सांगत नाही, तो सल्ला सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडूनच घ्या. पण खाण म्हणजे नेमकं काय आणि त्यात पैसा कुठे अडकतो हे मात्र जेवढं ठाऊक आहे तेवढं सगळं सांगते.

प्रश्न: ताई, मी बँकेतून रिटायर झालोय. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी इंडोनेशियातल्या सोन्याच्या खाणीचे लिस्टिंगआधीचे शेअर सुचवलेत. कालीमंतानमध्ये जागा आहे, वीस लाख औंस सोनं 'प्रूव्हड' आहे म्हणतात, दोन वर्षांत कंपनी सिंगापूरला लिस्ट होणार, कमीत कमी आठ लाख घालायचे. रिपोर्ट दाखवला, त्यात रंगीत नकाशे आहेत. सोनं एवढं वर गेलंय, मग घ्यायला काय हरकत आहे? – कोथरूडहून एक वाचक

उत्तर: काका, आठ लाख देऊ नका. खाली सांगतेय ते कागद हातात येऊन कोणा जाणकाराने तपासेपर्यंत तर अजिबात नको.

तुम्ही कालीमंतानचं नाव घेतलंत म्हणून तिथलीच गोष्ट सांगते. पूर्व कालीमंतानमध्ये बुसांग नावाची जागा आहे, तिथे ब्रे-एक्स नावाच्या एका छोट्या कॅनेडियन कंपनीने नव्वदीच्या दशकात ड्रिलिंग केलं आणि सोन्याचे आकडे दर काही महिन्यांनी वाढतच गेले, शेवटी ७ कोटी औंसांच्या वर. अगदी किरकोळ भावाचा शेअर इतका चढला की कंपनीची किंमत ६ अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेली. मोठमोठे ब्रोकर, विश्लेषक, पेन्शन फंड सगळे त्यात होते. जानेवारी १९९७ मध्ये साइटवर आग लागून रेकॉर्ड जळालं. मार्चमध्ये कंपनीचा तिथला भूशास्त्रज्ञ मायकेल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून खाली पडून गेला. त्याच सुमारास भागीदार होऊ पाहणाऱ्या फ्रीपोर्ट कंपनीने जुन्या बोअरहोलच्या अगदी शेजारी स्वतःची भोकं पाडली तर सोनं जवळजवळ नाहीच. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार कंपनीचा रिपोर्ट आला की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. शेअर शून्यावर आला, ओंटारिओतल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचे पैसेसुद्धा त्यात बुडाले.

आता हे इतकी वर्षं कसं खपलं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या रिपोर्टला विचारायचा प्रश्न त्यातच आहे. ड्रिल मशीन जमिनीतून दगडाची लांब कांडी काढतं, त्याला कोअर म्हणतात. रीत अशी की कोअर उभा चिरायचा, अर्धा लॅबला पाठवायचा आणि उरलेला अर्धा खोक्यात जपून ठेवायचा, म्हणजे उद्या कोणाला शंका आली तर परत तपासता येतो. बुसांगला जवळजवळ अख्खा कोअर चुरा करून लॅबला जायचा, मागे तपासायला काही उरायचंच नाही, आणि चुऱ्यात सोन्याचे कण टाकणं सोपं. ते कणही नदीतल्या सोन्यासारखे गोलसर निघाले, म्हणजे त्या खडकातले नव्हेतच. हे दिसत असूनही फार थोड्यांनी विचारलं कारण शेअर चढत होता.

तेव्हा त्या गृहस्थांना विचारा, अर्धा कोअर कुठे ठेवलाय, नमुने कोणी काढले, कुठल्या लॅबने तपासले, आणि रिपोर्टवर जबाबदार माणसाची सही कुठल्या कोडखाली, म्हणजे साठ्याचा अहवाल कसा लिहायचा याच्या कुठल्या नियमावलीखाली आहे. ऑस्ट्रेलियाचा जॉर्क कोड असतो, कॅनडाने ब्रे-एक्सनंतर २००१ मध्ये एनआय ४३-१०१ हा नियम आणला, सिंगापूरला लिस्ट व्हायचं तर असा काहीतरी रिपोर्ट लागतोच. आणि 'प्रूव्हड' हा शब्द कोणीही कसाही वापरायचा नसतो. जमिनीत आहे असं वाटतं तो रिसोर्स, त्यात इन्फर्ड म्हणजे सगळ्यात कच्चा अंदाज, मग इंडिकेटेड, मग मेझर्ड. त्यातला जेवढा भाग आजच्या भावाने, आजच्या खर्चात, परवानग्या धरून खणून विकायला परवडतो तेवढाच रिझर्व्ह, आणि प्रोबेबल आणि प्रूव्हड हे शब्द फक्त रिझर्व्हला लागतात. ज्या खाणीचा खर्चाचा अभ्यासच झालेला नाही तिथे प्रूव्हड सोनं असूच शकत नाही.

दुसरी गोष्टही पूर्व कालीमंतानचीच, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. चर्चिल मायनिंग या ब्रिटिश कंपनीला तिथे कोळशाचा प्रचंड साठा मिळाला होता. कोळसा खरा होता हो, त्यात काही खोट नव्हती. पण २०१० मध्ये लायसन्स रद्द झाली, कंपनी १ अब्ज डॉलरच्या वरची भरपाई मागत आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली आणि डिसेंबर २०१६ मध्ये लवादाने दावा फेटाळला, कारण ज्या कागदांवर सगळं उभं होतं त्यांत बनावट कागद निघाले. भागधारकांच्या हाती काहीच आलं नाही.

म्हणजे एकीकडे कागद होते पण सोनं नव्हतं आणि दुसरीकडे कोळसा होता पण कागद खोटे. तुमच्या रंगीत नकाशांवरून यातलं काहीच कळत नाही. लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते विचारा, शोध घेण्याचं आहे का उत्पादनाचं ते विचारा, जागा संरक्षित जंगलात येते का विचारा. आणि पैसे पाठवायचे तर परदेशी गुंतवणूक बँकेमार्फत एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली होते, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा असते, तुम्ही बँकेतले असल्यामुळे तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. कोणी रोख द्या, क्रिप्टोत द्या, दुबईच्या खात्यावर टाका म्हणालं तर तिथेच थांबा आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही सांगा, कारण अशी माणसं एकालाच विचारत नाहीत.

प्रश्न: छोट्या कंपन्यांचं कळलं, पण कंपनी मोठी, नावाजलेली आहे, साठा शंभर टक्के खरा आहे, मग तर धोका फक्त भावाचाच उरतो ना? – चिंचवडहून एक इंजिनिअर

उत्तर: नाही दादा, आणि याचं उदाहरण आपल्या विजेच्या बिलाजवळचंच आहे.

टाटा पॉवरने गुजरातमधल्या मुंद्र्याचा ४,००० मेगावॅटचा वीज प्रकल्प युनिटला साधारण २ रुपये २६ पैसे दराने मिळवला, महाराष्ट्रही त्या विजेचा एक खरेदीदार. कोळसा इंडोनेशियाचा येणार होता आणि भावाची भीती नको म्हणून कंपनीने २००७ मध्ये तिथल्या केपीसी आणि आरुतमिन या दोन मोठ्या कोळसा कंपन्यांत ३० टक्के वाटाच घेतला, १ अब्ज डॉलरच्या वर पैसे देऊन. इतका विचार करून केलेला सौदा. मग इंडोनेशिया सरकारने २०१० मध्ये नियम केला की कोळसा ठरलेल्या बेंचमार्क भावाच्या खाली विकायचा नाही, जुने करारसुद्धा त्यात आले, आणि सप्टेंबर २०११ पासून स्वस्त कोळशाचं गणितच कोलमडलं. खाणीतल्या वाट्याचा फायदा वाढला, पण वीज प्रकल्पाचा तोटा त्याने भरून निघेना. परदेशातला कायदा बदलला म्हणून दर वाढवून द्या, हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं. कोळसा होता, खाण चालू होती, कंपनी टाटांची होती, तरी हे झालं. जानेवारी २०२२ मध्ये तर इंडोनेशियाने स्वतःच्या वीजकेंद्रांना कोळसा पुरेना म्हणून महिनाभर निर्यातच बंद केली होती.

हे फक्त इंडोनेशियाचं नाही. पाकिस्तानात बलुचिस्तानमधलं रेको दिक, तांबं आणि सोन्याचा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक, तिथे बॅरिक आणि अँटोफागास्टा या दोन मोठ्या परदेशी खाण कंपन्यांच्या भागीदारीतल्या कंपनीला २०११ मध्ये खाणीचं लीजच नाकारलं. २०१९ मध्ये लवादाने पाकिस्तानला ५.८ अब्ज डॉलरच्या वर भरपाई द्यायला सांगितली, मग २०२२ मध्ये तडजोड होऊन बॅरिक निम्म्या वाट्याने परत आली. दहा वर्षांहून जास्त काळ एक टन तांबं निघालं नाही. किर्गिझस्तानात कुमतोर ही चालू सोन्याची खाण, २०२१ मध्ये सरकारने ताबाच घेतला. अफगाणिस्तानात हाजीगकच्या लोखंडासाठी आपल्याच सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या पुढाकारातल्या गटाची २०११ मध्ये निवड झाली होती, पेपरात केवढ्या बातम्या आल्या होत्या, पुढे तिथून काहीही आलं नाही.

आणि जिथे सगळं शेवटी जमलं तिथलाही वेळ बघा. मंगोलियातलं ओयू तोलगोई हे तांब्याचं मोठं ठिकाण २००१ मध्ये सापडलं, वरच्या उघड्या खाणीतून माल २०१३ मध्ये निघाला, आणि खरी श्रीमंती जिथे आहे त्या जमिनीखालच्या खाणीतून उत्पादन सुरू झालं मार्च २०२३ मध्ये. मधे सरकारशी भांडण होऊन काम बंद, मग खडक धरत नाही म्हणून डिझाइन बदललं, खर्च ५.३ अब्ज डॉलरवरून ७ अब्जांवर गेला, आणि सरकारच्या ३४ टक्के वाट्यावर चढलेलं साधारण २.४ अब्जांचं कर्ज खाण चालवणाऱ्या रिओ टिंटो कंपनीला सोडून द्यावं लागलं. आज ती उत्तम खाण आहे. पण २००१ च्या बातमीवर पैसे लावणाऱ्या सामान्य माणसाला वीस वर्षं थांबायची ताकद असते का, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. मी तरी नव्या खाणीच्या घोषणेवर पैसे लावण्यापेक्षा चालू खाण, कमी कर्ज आणि कमी उत्पादनखर्च असलेली कंपनी बघते, आणि एकाच देशात सगळं असेल तर वाटा लहान ठेवते.

प्रश्न: माझा चाकणला छोटा पार्ट्सचा कारखाना आहे. ईव्ही वाढणार म्हणजे लिथियम, निकेल, रेअर अर्थ हे सगळं वर जाणारच, मग आत्ताच मायनिंग फंडात मोठी रक्कम टाकावी म्हणतोय. काश्मीरमध्ये पण लिथियम सापडलंय ना? – चाकणहून

उत्तर: मागणी वाढते म्हणून भाव वाढतोच असं खाणीच्या धंद्यात होत नाही, कारण भाव वाढला की सगळेच खणायला लागतात आणि तो माल काही वर्षांनी एकदमच बाजारात येतो.

निकेल घ्या. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद केली, म्हणजे ज्याला हवंय त्याने तिथे येऊन कारखाना टाकावा. चिनी कंपन्यांनी टाकले, भराभर टाकले, आणि आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल एकट्या इंडोनेशियात निघतं. ८ मार्च २०२२ ला लंडनच्या बाजारात निकेल टनाला १ लाख डॉलरवर जाऊन आलं होतं, एक्स्चेंजला त्या दिवसाचे सौदेच रद्द करावे लागले, आणि दोनेक वर्षांत तोच भाव सोळा-सतरा हजारांवर. बीएचपीसारख्या बलाढ्य खाण कंपनीला २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातलं निकेलचं काम थांबवावं लागलं. ईव्हीची विक्री तर या सगळ्या काळात वाढतच होती! लिथियमचंही तेच, २०२२ च्या शेवटी शिखर आणि पुढच्या दोन वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घसरण. ज्यांनी शिखरावर फंड घेतला त्यांना पुढे बरीच वाट बघावी लागली.

काश्मीरचं सांगते, कारण त्याबद्दल लोकांच्या फार आशा आहेत आणि कोणी नीट सांगत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा आकडा जाहीर झाला, तो जी-३ पातळीचा इन्फर्ड अंदाज होता, वर काकांना सांगितलं तो सगळ्यात कच्चा प्रकार. शिवाय ते लिथियम मातीसारख्या थरात आहे, आणि तशा मातीतून लिथियम परवडेल अशा खर्चात काढणं जगात अजून कोणाला मोठ्या प्रमाणावर जमलेलं नाही. लिलाव काढला तर पुरेसे बोलीदारच आले नाहीत, मार्च २०२४ मध्ये तो रद्द करावा लागला. आपल्याकडे लिथियम मिळावं असं मलाही मनापासून वाटतं, पण त्याला आधी भरपूर ड्रिलिंग लागेल.

रेअर अर्थचा, म्हणजे ईव्हीच्या मोटरमधल्या मॅग्नेटला लागणाऱ्या धातूंचा धोका तुम्हाला चाकणलाच दिसला असेल. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थ धातूंवर आणि त्यांच्या मॅग्नेटवर निर्यातीचं बंधन आणलं आणि काही महिन्यांत बजाज ऑटोने ईव्हीचं उत्पादन घटेल असा इशारा दिला. म्हणजे तुमचा धंदा आधीच या धातूंवर टांगलेला आहे, त्यावर बचतही तिथेच लावली तर वाईट वर्षी ऑर्डरी आणि गुंतवणूक दोन्ही एकदम पडतील. ज्याचं उत्पन्न ऑटोवर आहे त्याने मायनिंग फंड घ्यायचाच तर थोडा, एसआयपीने, आणि शक्यतो बाजारात कोणी त्याचं नावही काढत नाही अशा काळात. डिसेंबर २०१५ मध्ये लोखंडाचं कच्चं खनिज टनाला ४० डॉलरच्या खाली होतं, मे २०२१ मध्ये २३० च्या वर. एवढे हेलकावे असतात यात.

प्रश्न: मी आयटीत आहे. खाणीत माणसं मरतात, नद्या खराब होतात, आणि माझ्या फंडाचा पैसा तिथेच असतो हे मनाला लागतं. यावर गुंतवणूकदार म्हणून काही करता येतं का, की नुसतं वाईट वाटून घ्यायचं? – औंधहून एक वाचक

उत्तर: ताई, तुम्ही हे विचारलंत याचं मला खूप बरं वाटलं, कारण एवढ्या पत्रांत हा प्रश्न फक्त तुमचा होता.

तुर्कस्तानात सोमा इथे मे २०१४ मध्ये कोळशाच्या खाणीत ३०१ माणसं गेली. म्यानमारमध्ये हपाकांतला जुलै २०२० मध्ये जेड खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर पाण्यात कोसळला आणि १७० हून जास्त लोक गेले, त्यातले बहुतेक त्या टाकाऊ ढिगात दगड वेचणारे गरीब लोक, कुठल्याही कंपनीच्या हजेरीवर नसलेले. इंडोनेशियातल्या मोरोवालीला डिसेंबर २०२३ मध्ये निकेलच्या भट्टीत स्फोट होऊन २१ जण गेले, ईव्हीच्या तेजीत हेही आहे. आपल्याकडे मेघालयात रॅट-होल, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणींवर २०१४ पासून हरित लवादाची बंदी असूनही डिसेंबर २०१८ मध्ये क्सानला पूर आलेल्या खाणीत १५ मजूर अडकले, ते वाचले नाहीत. फिलिपिन्समध्ये मरिंदुके बेटावर १९९६ मध्ये खाणीचा गाळ अडवणारं बूच फुटलं आणि बोआक नदी भरून गेली, तिथली माणसं अजून त्याची किंमत मोजतायत.

आता करता काय येतं. फंडाच्या महिन्याच्या फॅक्टशीटमध्ये कंपन्यांची नावं असतात, मोठ्या असतील त्या दोन-तीन घ्या आणि त्यांच्या वार्षिक अहवालात वर्षभरातल्या मृत्यूंचा आकडा शोधा, कंत्राटी कामगार त्यात धरलेत का ते बघा. धरले नसतील तर तो आकडा अपुराच आहे. गाळाच्या धरणांची यादी जाहीर करतात का बघा. नंतर फंड हाउसला मेल करून विचारा की या कंपनीत मतदान करताना तुम्ही काय भूमिका घेतली, सेबीच्या नियमाने त्यांना मतदानाचा तपशील जाहीर करावा लागतो. उत्तर कधी कोरडं येतं, पण दहा जणांनी विचारलं की फरक पडतो.

आणि पैशाची बाजूही वेगळी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियाच्या पापुआत फ्रीपोर्टच्या ग्रासबर्गला भूमिगत खाणीत ओल्या चिखलाचा लोंढा आला, ७ कामगार गेले, कंपनीला माल पुरवता येत नाही असं जाहीर करावं लागलं आणि फ्रीपोर्टचा शेअर एका दिवसात साधारण १७ टक्के पडला. कझाकस्तानात ऑक्टोबर २०२३ मध्ये कोस्तेंको खाणीत ४६ जण गेले, त्यानंतर आर्सेलरमित्तलला तिथला सगळा धंदाच सोडावा लागला. जी कंपनी माणसं जपत नाही ती परवानाही फार दिवस टिकवू शकत नाही, म्हणून हे तुमचं मनाला लागणं अगदी व्यवहाराचंही आहे.

प्रश्न: मग भारतातल्याच खाण कंपन्या बऱ्या ना, सरकारी तरी? – सदाशिव पेठ

उत्तर: ओळखीचा कायदा आणि वाचता येतील असे अहवाल, एवढा फायदा नक्की आहे. पण गोवा आठवा, सप्टेंबर २०१२ मध्ये लोखंडाच्या खाणी थांबल्या, परत सुरू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली, आणि ट्रक-बार्जचे हप्ते भरणारी कुटुंबं उघड्यावर आली. २०१४ मध्ये २१८ पैकी २१४ कोळसा ब्लॉक रद्द झाले होते. आणि जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की राज्यांना खनिजांवर कर लावता येतो, ऑगस्टमध्ये सांगितलं की १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकीही मागता येईल, एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत. तेव्हा कुठल्या राज्यात खाण आहे आणि ते राज्य काय मागतंय, हे लाभांशाच्या आधी वाचा. २०१५ नंतर लिलावात घेतलेल्या खाणी असतील तर सरकारला किती टक्के प्रीमियम, म्हणजे मालाच्या किमतीतला वाटा, कबूल केलाय तेही बघा, काहींनी इतका कबूल केलाय की भाव पडल्यावर हातात काही उरत नाही.

प्रश्न: मॅडम, मी जिऑलॉजीत बीएस्सी करतेय. घरचे म्हणतात मुलींना खाणीत घेत नाहीत, आयटीचा कोर्स कर. खरंच घेत नाहीत का? – डेक्कनहून एक विद्यार्थिनी

उत्तर: अगं, घेतात. पूर्वी मुलींना जमिनीखाली काम करायची कायद्याने बंदी होती, २०१९ मध्ये केंद्राने ती शिथिल केली. त्या नियमाने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात भूमिगत खाणीत जाता येऊ लागलं. एमएस्सी कर आणि यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा दे, जीएसआय, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, त्यातूनच भरती करतं. मायनिंग इंजिनिअरिंगला नागपूरचं व्हीएनआयटी आणि धनबादची आयआयटी आहे, पण त्याला वेगळा प्रवेश लागतो. सुट्टीत नागपूरला जा, इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स, मँगनीज काढणारी मॉइल, कोळसा काढणारी डब्ल्यूसीएल सगळ्यांची मुख्य ऑफिसं तिथेच आहेत, इंटर्नशिपसाठी अर्ज कर. कोअर लॉगिंग, म्हणजे कोअर तपासून नोंदी करणं, हाताने शिकून घे, वर पहिल्या उत्तरात जे लिहिलंय ते पकडणारी माणसं कमीच आहेत. आणि घरच्यांना दाखवायचं असेल तर सांग की २०१९ च्या त्या नियमात मुलीची लेखी संमती आणि एका वेळी कमीत कमी तिघींची तुकडी पाठवायची अट घातली होती.